बघणं आणि बघून घेणं

खडकी,
ता. ४ नोव्हेंबर १९५८

ती. सौ. सारजाअक्कास, धाकट्या चंद्राचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेले पोहे पोचले. आपल्या रिह्यात आता भाताची झोडणी सुरू झाली असेल. इथं मी ठीक आहे असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं लिहवत नाही.

परवा ह्यांच्या कंपनीतले मोठे साहेब आणि बाईसाहेब घरी चहाला आले. ह्यांनी मला आतच राहायला, चहा तेवढा आणून ठेवायला सांगितलं होतं. मी ठेवला. बाईसाहेबांनी माझ्याकडे बघून इंग्रजीत काही विचारलं, ह्यांनी इंग्रजीतच उत्तर दिलं. निघताना बाईसाहेब मोडक्या मराठीत ह्यांना म्हणाल्या, की मोलकरीण छान मिळाली तुम्हाला. बायको माहेराहून आली की तिला सांगून आम्हालाही अशीच एक गावाकडची बघून द्या. अक्का, हे हसून हो म्हणाले. माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं, पण ते मोलकरणीच्याही गळ्यात असतंच.

मी रडले नाही. शेजारच्या एस्तेरबाई शाळेत इंग्रजी शिकवतात. दुपारची त्यांच्याकडे शिकायला बसणार आहे. ह्यांना कळू देणार नाही. दादाला यातलं सांगू नकोस.

तुझी,
चंद्रा

रिहे,
ता. १६ नोव्हेंबर १९५८

चि. सौ. चंद्रास, अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी दादालाच वाचून दाखवलं, मला ऱ्हावलं न्हाई. गेणबादादा काठी घिऊन यष्टीला निघाला हुता. आधी भात झोड, मग जावई झोड, आसं म्हणून त्याला खळ्यावर बशिवला.

पर चंद्रे, त्या बाईला मराठी कळतंया तर तितंच का न्हाई सांगितलंस? त्याला इंग्रजी कशापायी? चुलीतलं जळकं लाकूड बी पुरलं आसतं. गाय गाभण हाय. आय तुझी लई सय काढती, तिला यातलं काय बी सांगितलं न्हाई.

हितं तुजं मानूस हाय, इसरू नगंस.
सारजा

खडकी,
ता. २० जानेवारी १९५९

ती. सौ. अक्कास, चंद्राचा सा. न. वि. वि.

इंग्रजी क्रियापदाची गंमत सांगते. त्याला मागं बारीकशी शेपटी लागली की अर्थच पालटतो. ‘लुक’ म्हणजे बघणं. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं, ‘लुक अप टू’ म्हणजे मान देणं आणि ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणं. ‘टेक आफ्टर’ म्हणजे कुणाच्या वळणावर जाणं. मी आईच्या गेले, हे हल्ली कुणाच्या गेलेत कळत नाही. ‘फिट इन’ म्हणजे चारचौघांत सामावून जाणं. ते शिकवताना एस्तेरबाईंनी आपल्या घरचं सांगितलं. धर्म बदलला म्हणून त्यांच्या आजोबांना भावकीनं तोडलं होतं.

मग मी त्यांना विचारलं, एकाला दुसरंच कुणी म्हणून खपवलं तर काय म्हणतात? ‘पास ऑफ ॲज’. भाकरी थापताना मी आता तेवढंच घोकते.

इंग्रजी कशापायी विचारतेस, तर ज्या भाषेत मला नाकारलं त्याच भाषेत मला बोलायचं आहे. ह्यांची बढती व्हायची आहे, त्याआधी साहेब-बाईसाहेब दोघं पुन्हा चहाला येणार आहेत. मला जुनं लुगडं नेसायचा हुकूम झालाय.

तुझी,
चंद्रा

रिहे,
ता. २८ जानेवारी १९५९

चि. सौ. चंद्रास अनेक आशीर्वाद.

तुज्या इंग्रजीला येवढं कवतिक नगं. आपल्यात बी नुसतं बघनं येगळं आन् बघून घेनं येगळं. तू बघूनच घ्यायला निघालीयास.

बढती हुकली तर घरात काय व्हईल त्याचा इचार कर. नांदनं मोडाया एक शबूद पुरतो. इचार करून बी करू वाटलं, तर कर. मागली खोली सारवून ठिवलीया.

सारजा

खडकी,
ता. १० फेब्रुवारी १९५९

ती. सौ. अक्कास, चंद्राचा शि. सा. न. वि. वि.

झालं. मी लग्नातला शालू नेसले, नथ घातली, चहा आणला आणि रिकाम्या खुर्चीत बसले. ह्यांनी डोळ्यांनी आत जा म्हणून खुणावलं. मी बाईसाहेबांकडे बघून म्हणाले, “आय ॲम हिज वाइफ. लास्ट टाइम ही पास्ड मी ऑफ ॲज द सर्वंट.”

मी ह्यांची बायको, मागच्या वेळी ह्यांनी मला मोलकरीण म्हणून खपवलं, एवढंच. हे हसायला लागले, पण एकटेच. साहेबांनी हे खरं का म्हणून विचारलं. ह्यांनी त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला. बाईसाहेब लाल झाल्या, त्यांनी उठून माझा हात धरून माफी मागितली आणि दोघं चहा तसाच टाकून गेले. बढती दुसऱ्याला मिळाली. ऐकून मला वाईट वाटलं नाही. भर उन्हात थंड पाणी प्यावं तसं वाटलं.

घरात वादळ झालंच. दोन दिवस हे जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले, की त्या लोकांत मला जागा हवी होती, म्हणून एकेक खोटं बोलत गेलो. आपण मोठ्या इनामदाराचे चिरंजीव, असंही ह्यांनी कंपनीत सांगितलंय. आणि कोळवणला मामंजी खांद्यावर घोंगडी टाकून गुरं राखतात. ह्यांनी त्यांना आजवर इथं एकदाही बोलावलं नाही.

हे बोलताना ह्यांचे डोळे भरले होते. माझा राग निवला नाही. मागली खोली तशीच राहू दे, सध्या मी इथून हलणार नाही. काल ह्यांच्यासमोरच मामंजींना कार्ड टाकलं, घोंगडीसकट या. हे नको म्हणाले, पण कार्ड अडवलं नाही. कंपनीचा भोंगा झाला की सगळे साहेब आमच्या दारावरून घरी जातात. त्या वेळी मामंजींना ओट्यावर खुर्ची टाकून देणार आहे. मुलाला जमलं नाही, तर ओळख मी करून देईन.

आईला नमस्कार. दादाला काठी ठेवून द्यायला सांग. माझ्यावर माया आहे तशी असू दे.

तुझी,
चंद्रा