गजाची साक्ष मी देतो

५ जुलै, कर्जत

आज-उद्या करत आठवडा गेला, आज कुठं पेन उघडलं. ही वही सफियाआपांनी पहिल्याच दिवशी दिली होती. रोज लिही म्हणाल्या, शिस्त येते. मी हो म्हटलं आणि कोंडाण्याच्या लेण्यांकडं धबधब्यात भिजायला गेलो.

मी पदू. दहावी बुडाली, मग रसायनीत कँटीनला, खोपोलीत गॅरेजला, मधेच वरातीच्या बँडात झांजा. कुठंच टिकलो नाही. इथं टिकेन असं वाटतंय. आपांच्या भावाच्या बेकरीवर ऑफिस. सकाळी खालून खारीचा वास येतो, आणि तुटलेल्या खाऱ्या फुकट.

काम असं. निवडणुकीचा निकाल लागला, देशभर वाद पेटला, आणि ज्यांनी केंद्रावर वाकडंतिकडं काही बघितलं त्यांना धमक्या सुरू झाल्या. कुणाला मारलं, कुणाला उचललं. आपांचा मंच त्यांचं बोलणं रेकॉर्ड करतो. पुढच्या रविवारी जनसुनावणी आहे, मुंबईहून एक निवृत्त न्यायाधीशबाई ऐकायला येणार. ज्यांना समोर येता येत नाही त्यांच्या जागी आम्ही बोलायचं. ‘तो’ म्हणून नाही, ‘मी’ म्हणून. नियम एकच. साक्ष संपली की लगेच आपलं खरं नाव मोठ्यानं सांगायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं दुसऱ्याचं कुठं संपलं. सरावातसुद्धा. मंचाचा टेंपो चालवणारे लियाकतचाचा म्हणाले, दुसऱ्याच्या घरून निघताना आपल्याच चपला घालायच्या, तसं हाय ते.

७ जुलै

माझ्या वाटणीला गजा आला. कोंडाण्याच्या अलीकडच्या वाडीतला, केंद्रावर पोलिंग एजंट होता. मतदान संपल्यावर बाहेरची माणसं आत शिरून बटणं दाबत बसली, ते त्यानं पाहिलं. इथं येऊन सांगितलं, आणि परत जाताना पांढऱ्या जीपनं त्याला उचललं. तेव्हापासून पत्ता नाही. ठाण्यात तक्रार घेत नाहीत. म्हणतात, गेला असेल कुठंतरी कामाला.

त्याचं रेकॉर्डिंग ऐकून ऐकून पाठ झालं. बोलता बोलता तो नाक ओढतो, तेही मी उचललं. आज सरावात शेवटचं वाक्य झालं तेवढ्यात खाली चाचांचा हॉर्न वाजला. खालापूरला जायचं होतं आणि वाटेत भजी खायचं ठरलं होतं. तसाच पळालो. नाव सांगायचं राहिलं. टेंपोत आठवलं. जाऊ दे, म्हटलं, कोण ऐकतंय.

९ जुलै

वाडीवर गेलो, गजाच्या आईला विचारायला की मुलाचं नाव सभेत घेऊ का. इंदूबाई लावणीवरून नुकतीच आली होती, हात चिखलाचे. मी तोंड उघडायच्या आत त्यांचं कुत्रं माझ्या पायावर डोकं टेकून झोपलं. चाचा हसले, म्हणाले, कुत्रं फितूर निघालं. इंदूबाई म्हणाली, नाव घ्या, चारचौघांत घ्या, म्हंजे त्याला मारायला भितील.

तहान लागली म्हणून मी उठलो, आत गेलो, दाराआडच्या माठातलं पाणी प्यालो. मग डोक्यात आलं, माठ तिथं आहे हे मला कुणी सांगितलं?

इंदूबाई चुलीपाशी पाठमोरी होती. तशीच म्हणाली, “गजा, जेवलास का रं?”

चाचांनी मान खाली घातली. मी म्हणालो, जेवलो आये. बिचारीला बरं वाटावं म्हणून. तसंच असेल.

११ जुलै

डाव्या तर्जनीच्या नखावर काळी रेघ. मतदानाची शाई. मी जन्मात मत दिलेलं नाही, यादीत नावच नाही, कुठल्या गावचं लावणार? रॉकेलनं घासलं, लिंबू चोळलं. जात नाही.

आपांनी मला गजा म्हणून हाक मारली. चुकून, म्हणाल्या. दुपारी परत मारली. तेव्हा चुकून म्हणाल्या नाहीत.

समोर रस्त्यापलीकडे पांढरी जीप. पर्यटकांची असेल.

शनिवार

दार लावून बसलो. म्हटलं पूर्ण साक्ष म्हणू, नाव सांगू, मोकळे होऊ. शेवटचं वाक्य आलं — आणि थांबलं नाही. तोंड बोलतच राहिलं. रेकॉर्डिंगमध्ये नाही ते. जीपमधला डिझेलचा वास. पाताळगंगेच्या काठाला बंद पडलेला रंगाचा कारखाना. लाल टाकीमागची खोली. खिडकीला पत्रा. जिवंत आहे. अजून —

आपांना सांगितलं. त्यांनी फोनवर फोन केले. पुराव्याशिवाय कुणी हलत नाही. मग म्हणाल्या, उद्या न्यायाधीशबाईंसमोर, कॅमेऱ्यासमोर बोल, म्हणजे पोलिसांना तिथं जावंच लागेल. माझ्या पाठीवर हात ठेवला. “घाबरू नकोस गजा.”

आत्ता नाव सांगितलं तर खोली जाईल, टाकी जाईल, सगळं पुसलं जाईल. मग त्याला शोधणार कोण? आणि नाही सांगितलं तर मी —

उद्या बोलून झालं की सांगतो. साधं तर नाव आहे. आत्ता जिभेवर होतं.

रविवार

हॉल समोरच. खुर्च्या भरल्या. खिडकीतून दिसतंय, इंदूबाई पहिल्या रांगेत, मांडीवर डबा. माझ्यासाठी.

वहीचं पहिलं पान काढलं. ‘मी पदू’ असं लिहिलंय. अक्षर माझं नाही. कुणा पोराचं. खारी, झांजा, धबधबा — कोण हा?

टाकी लाल. खिडकीला पत्रा. विसरायचं नाही. आये बसलीय.

जीप बेकरीखाली येऊन थांबली. तिघं उतरले. मधला अनवाणी. नाक ओढतोय.

जिन्यात आपा. हाक मारतायत — गजा, खाली ये रं, एक पोरगा आलाय, साक्षीच्या कामाला ठेवा म्हणतो, रसायनीत कँटीनला होता, नाव पदू सांगतोय — आणि त्याच्याबरोबरचे दोघं विचारतायत, गजा कुठला —