तुमचाच आहे

प्रिय दक्षाभाभी,

'भाभूला मम्मी म्हणायचं, तर मग तुला काय म्हणायचं?' तुमच्याविषयी, आपल्या भाभूविषयी, कुंज मला हे विचारतो. जेवताना विचारतो, चपला घालताना विचारतो, मध्येच खेळ टाकून येतो आणि विचारतो. तीन वर्षांच्या मुलाला समजेल असं उत्तर माझ्याकडे नाही. मोठ्या माणसाला समजेल असंही नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. छकडा रिक्षा चालवणाऱ्या माझ्या बापुजींनी मी बी.एड. झाले तेव्हा अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते. एवढं शिकून मी या एका प्रश्नावर त्याच्या हातात बिस्किट ठेवते.

हे पत्र मी रागात लिहिते आहे. आधीच सांगते, म्हणजे तुम्ही ओळींच्या मधे गोडवा शोधत बसणार नाही.

दीवला जायचं ठरलं तेव्हा मी किती हरखले होते ते तुम्ही पाहिलंत. लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नव्हतो. जाऊ तिथे हेली, कुंज, दुधाची बाटली आणि बांच्या गुडघ्याचा पट्टा. आणि अचानक बाच म्हणाल्या, 'जा, दोघंच जाऊन या. मुलांमागे धावून धावून सुकून गेलीस.' मला भाजी आणायला पाठवतानाही दहा सूचना करणाऱ्या आपल्या सासूबाई! त्यांनी स्वतः थेपले लाटले, सुखडीचा डबा भरला. तुम्ही तुमची उन्हाची टोपी माझ्या डोक्यावर ठेवलीत आणि म्हणालात, 'समुद्राकडे बघत नुसती पडून राहा, जल्पा. मुलांकडे मी आहे ना!' मौलिक तर साखरेत घोळून बोलत होता. गीरजवळच्या मुलींच्या निवासी शाळेत मला नोकरी मिळत होती, त्यावरून आमचं किती वाजत होतं ते भिंतीपलीकडून तुम्हाला ऐकू येतच असेल. तो म्हणाला, 'बेटावर शांत डोक्याने ठरवू.' मला वाटलं, नवरा बदलला. हसू नका.

दीव सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? पहिल्या सकाळी मी चहा गरम असताना प्यायले. आई झाल्यापासून पहिल्यांदा. कुणी पदर ओढला नाही, कुणाला शी लागली नाही. नागवाच्या किनाऱ्यावर मी खरंच नुसती पडून राहिले. गंमतही पाहिली. आपल्याकडे दारूबंदी, त्यामुळे निम्मं राजकोट तिथे लोटलेलं, आणि कुणी कुणाला ओळख द्यायला तयार नाही. तुमच्या यजमानांचे, मोटाभाईंचे, मित्र जगुकाका, दर पुनमेला डाकोरच्या दर्शनाला जाणारे, बाटली घेऊन समोरून आले. मौलिक मुद्दाम ओरडला, 'जय श्रीकृष्ण, जगुकाका!' ते म्हणाले, 'मी जगु नाही, भाई. माझ्यासारखे दिसणारे पुष्कळ आहेत.' आम्ही पोट धरधरून हसलो. मी शेवटची हसले ती तेव्हा.

कारण दुसऱ्या दिवशी दुपारी तेच जगुकाका, आपण जगु नाही हे विसरून, डुलत माझ्याकडे आले. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, 'शाबास, वहू! काळजाचा तुकडा काढून द्यायला मोठं मन लागतं.' मला वाटलं, चढली आहे. पण मौलिकचा चेहरा पाहिला आणि मी बांच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. समोर कुंज. डोक्याला लाल फेटा, कपाळाला कुंकू आणि तांदूळ, गालाला गूळ चिकटलेला. 'मम्मी, मी भाभूच्या मांडीवर बसलो! सगळ्यांनी गोळधाणा खाल्ला!' लग्न ठरलं की गोळधाणा, बोलणं पक्कं झालं की गोळधाणा. तो खाल्ला की आपल्यात कुणी मागे फिरत नाही. आणि नवे कपडे घालून, कुंकू लावून मुलाला दुसरीच्या मांडीवर बसवतात ते कशासाठी, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी मूल सांभाळायला ठेवून गेले होते. तुम्ही सगळ्यांनी ते मांडीवर घेतलंत.

मी ओरडले तर मौलिक म्हणाला, 'हळू बोल. इथे ओळखीचे लोक आहेत.' भाभी, ज्या किनाऱ्यावर कुणी कुणाला ओळखत नव्हतं, तिथे त्याला ओळखीचे लोक दिसले! मग म्हणाला, 'घरातल्या घरात तर आहे. एका भिंतीपलीकडे जाणार. आणि तूच नाही का सगळ्यांसमोर हो म्हणालीस?' मी कधी हो म्हणाले? तर म्हणे बेसत्या वर्षाच्या दिवशी, दिवाळीच्या पाडव्याला, सगळे पाहुणे बसलेले असताना. मला आठवलं. बा म्हणाल्या होत्या, 'कुंजला दक्षाचा किती लळा!' आणि मी फाफड्याची ताटली पुढे करत म्हटलं होतं, 'तुमचाच आहे, बा.'

हाच माझा होकार! कुणी आपल्या मुलाचं कौतुक केलं तर दुसरं काय म्हणतात आपल्याकडे? 'नाही हं, माझाच आहे' असं म्हणायचं? तुम्ही स्वतः शेजारच्या मंजुबेनला कैरीच्या छुंद्याची बरणी दाखवता, ती वा वा करते, आणि तुम्ही म्हणता, 'तुमचाच आहे, बेन.' मंजुबेन बरणी उचलून घरी गेली का कधी? आणि शब्द इतका खरा धरायचा, तर हेलीचं काय? ती जन्मल्यापासून मी प्रत्येकाला म्हणते आहे, 'तुमचीच आहे.' तिला कुणी फेटा बांधला नाही. परत आल्यावर ती मला काय म्हणाली ऐका. म्हणाली, 'मी पण भाभूच्या मांडीवर बसायला गेले, तर बा म्हणाल्या, तू ऊठ, तुझं काम नाही.' सहा वर्षांची आहे ती. तिने हे मला तक्रार म्हणून नाही, नुसतं घडलं म्हणून सांगितलं. त्याचा राग मला सगळ्यात जास्त येतो.

घरी येऊन मी बांना सांगितलं की आई नाही म्हणत असेल तर कायद्याने मूल दत्तक जात नाही. त्या मौलिककडे वळून म्हणाल्या, 'घे, शिकलेली आण म्हणून नाचत होतास ना!' मोटाभाई पेपर वाचत राहिले. मुलांना घेऊन जेतपूरला माहेरी गेले तर बापुजी म्हणाले, 'दीकरी, मोठं घर आहे, मुलगा सुखात राहील.' ज्यांनी मला शिकवण्यासाठी रात्रंदिवस छकडा हाकला, तेच बापुजी! माझ्या आईने दोन्ही मुलांचे कपडे धुतले, वाळवले, घड्या करून पिशवीत भरले आणि पिशवी माझ्याजवळ आणून ठेवली.

आता तुमच्याबद्दल. अकरा वर्षं तुम्ही काय सोसलंत ते मी जवळून पाहिलं आहे. कुणाच्या सीमंतात, डोहाळजेवणात, तुम्हाला मागच्या खोलीत बसवायचे, तेव्हा मीच बांशी भांडले होते. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तुम्ही माझे पाय चेपलेत. तुम्ही एकदा, एकदाच, माझ्यासमोर बसून 'जल्पा, मला मूल हवं आहे' म्हणाला असतात, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. पण तुमच्याबरोबर रडले असते, अनाथाश्रमाच्या पायऱ्या तुमच्याबरोबर चढले असते. तुम्ही मला टोपी दिलीत! आणि फोनवर त्या दिवशी कुंज रडायला लागला, 'मम्मी, ये ना' म्हणाला, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'मम्मी इथेच आहे, बेटा,' आणि फोन हातातून घेऊन पालथा ठेवायला गेलात. तो उताणा पडला. कितीतरी वेळ मला आपल्या दिवाणखान्याचा पंखा फिरताना दिसत होता आणि माझ्या मुलाचं रडणं ऐकू येत होतं. बांना मी माफ करेन, त्या तशाच आहेत. तुम्हाला करता येईल का, ते आज सांगता येत नाही.

काल फोनवर तुमचा निरोप आला, की शनिवारी कुंजला न्हाऊमाखू घालून तयार ठेव, मोटाभाई जेतपूरला घ्यायला येतील, ज्ञातीच्या वाडीत, त्या मोठ्या सभागृहात, जेवण ठरलं आहे, सगळ्यांसमोर तुमचा मुलगा म्हणून त्याचं नाव जाहीर होईल. म्हणूनच हे पत्र. पानं मांडलेली, माणसं जमलेली, तुम्ही नवी साडी नेसून बसलेल्या, आणि मूल येतच नाही, असं तुमचं होऊ नये. एवढं मन अजून तुमच्यासाठी शिल्लक आहे. मोटाभाईंना जेतपूरला पाठवू नका, आम्ही तिथे नाही. सोमवारी मी गीरच्या त्या शाळेत रुजू झाले. दोन खोल्या मिळाल्या आहेत. हेली पहिलीच्या वर्गात बसते, कुंज माझ्या वर्गात मोठ्या मुलींच्या मध्ये पाटी घेऊन बसतो. मौलिकला पत्ता कळवला आहे, पुढचं त्याने ठरवायचं. आणि वाडीच्या प्रमुखांना मी आज सकाळी स्वतः फोन करून सांगितलं, की मुलाच्या आईची ना आहे.

तुमची धाकटी जाऊ,
जल्पा