सतरा नंबर

ता. ९, गुरुवार, जेवणाची सुट्टी

ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं, रागही पोचला. मी बरा आहे, खोकला गेला. दाजींची कंबर कशी आहे?

रविवारी ठकीने माझ्याकडे हात पसरले आणि मी मागे सरकलो. "एवढा कसला आलाय शिष्टपणा! मरणाच्या दारातून परत आलेलं पोर, सख्ख्या मामाला कडेवर घेववत नाही?" असं तू सगळ्यांदेखत फाडकन बोललीस. मी चहा पीत बसलो. चुकलंच माझं.

मी जनावरांच्या दवाखान्यात आहे, ही थाप होती गं. इथे माकडांवर औषधं तपासतात. मी पिंजरे धुतो, त्यांना खाऊ घालतो. नाव द्यायचं नाही, फक्त नंबर. तपासणी संपली की आतले अवयव बघायचे असतात, म्हणून शेवटचं इंजेक्शन देतात. तेव्हा धरायला मलाच बोलावतात. रोज खाऊ घालणाऱ्याच्या हातात ती झटापट करत नाहीत, सुई नीट लागते. डॉक्टरीणबाई काही दुष्ट नाहीत. त्याही दुसरीकडे बघतात.

तुझ्याकडे आलो त्याच्या आदल्या शुक्रवारी सतरा नंबरची पाळी होती. दार उघडल्याबरोबर तिने हात पसरले, माझ्या गळ्यात पडली, खांद्यावर हनुवटी टेकली. मी पाठ थोपटत राहिलो. ती सैल पडली तरी थोपटतच होतो. बाई म्हणाल्या, "झालं, सोडा आता."

ठकीने अगदी तसेच हात पसरले, ताई.

तुमच्या फळीवरची तिच्या औषधाची बाटलीही मी पाहिली. ते इथेच तपासलेलं. त्या तपासणीतल्या आठही माकडिणी शेवटी मीच धरल्या होत्या. औषध बंद करशील तर माझी शपथ आहे! ठकी जगायलाच हवी. उद्या कुणी विचारलं तर तिच्यासाठी मी आणखी आठ धरीन. पण मुकी जनावरंच ती, त्यांचा कसला आलाय हक्क, असं पूर्वी म्हणायचो आणि ढाराढूर झोपायचो. आता तसं म्हणवत नाही.

नोकरी सोडायचं मनात येतं. मग त्यांना परका माणूस धरील आणि त्या भीतीने किंचाळत मरतील. म्हणून सोमवारी एकवीस नंबरला मीच धरणार आहे.

हे वाचूनही बोलावलंस तर येईन. ठकीला घेईनसुद्धा. फक्त तू जवळ उभी राहा. ती खांद्यावर टेकली की पाठीवर हात तू फिरव, मला थोपटवणार नाही.

तुझा,
अजून भाऊ म्हणत असशील तर,
धाकटा