अप्पांचं गणित कच्चं होतं

प्रिय अप्पा,

तुमची शैला सुटली! आज दुपारी पुरवणी परीक्षेचा निकाल लागला. गणितात सत्तेचाळीस. मोबाईलवर आकडा तीनदा वाचला. हे सांगायला तुमच्याशिवाय कोण आहे मला? म्हणून हे पत्र.

मे महिन्यात तुम्ही गेलात आणि कुंभारीहून बसने येणारी तुमची ही शेवटची विद्यार्थिनी माझ्या गळ्यात टाकून गेलात. दहावीचं गणित तेवढं राहिलेलं. तिच्या आईनं दारातच सांगितलं, "मॅडम, आता न्हाय झालं तर बसंल की माझ्याशेजारी विड्या वळायला. किती दिस वाट बघायची?" शैला खाली मान घालून उभी. झोप उडाली हो माझी!

तरी मनात म्हटलं, क्लासमध्ये साठ पोरांना शिकवते, एकीचं काय एवढं! तास तास समजावलं. "कळलं, मॅडम," म्हणायची आणि पेपर दिला की कोरा. पंधरा दिवस हेच. शेवटी ओरडले मी तिच्यावर. ती रडली नाही, गुपचूप वही दप्तरात घातली. फार वाईट वागले, अप्पा.

मग एक दिवस वर्गसमीकरण सोडवताना माझंच चुकलं. खरंखुरं, घाईत. पद पलीकडे नेलं आणि चिन्ह बदललंच नाही. मागून हळूच आवाज आला, "मॅडम, चिन्ह ऱ्हायलं की. अप्पांचंबी हितंच चुकायचं."

तुमचं? चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाचं?

"व्हय. रोज चुकायचं. मग मी सांगायची. दोन-दोनदा सांगावं लागायचं त्यास्नी."

अहो, किती लबाड तुम्ही! लहानपणी आतल्या खोलीत मला तुमचा शिकवतानाचा आवाज ऐकू यायचा, "नाही कळलं बाळा, परत सांग बघू." मला वाटायचं, आपले वडील जरा मठ्ठच आहेत. मैत्रिणींसमोर लाज वाटायची. पुढं तर भांडले तुमच्याशी, एकेकाला काय शिकवत बसलाय, बॅच काढा म्हणून. तुम्ही नुसते हसलात. एकदा तरी समजावून सांगायचं ना मला! मी ऐकून घेतलं असतं का, ते सोडा.

दुसऱ्या दिवशी खडू तिच्या हातात दिला आणि मी स्टुलावर बसले. मुद्दाम चुकणं किती अवघड असतं हो! उत्तर जिभेवर येतं, ते गिळायचं. तिसऱ्या दिवशी ती मलाच रागावली, "मॅडम, लक्ष कुटंय तुमचं?" त्या दिवशी पहिल्यांदा मला नीट जेवण गेलं.

आत्ता मायलेकी पेढे घेऊन आल्या होत्या. आई रडतच होती. शैलानं तुमच्या फोटोपुढं पेढा ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अप्पा लई चांगले होते, मॅडम. गणित जरा कच्चं होतं त्यांचं. पण मी घेतलं की सुधारून."

मी म्हटलं, "हो गं, होतंच कच्चं."

संध्याकाळचा तास यापुढं एकाच पोरासाठी ठेवीन, हा माझा शब्द. आणि शैलाला खरं काय ते माझ्या तोंडून कधीही कळणार नाही.

तुमची,
मंजू