वसू तिकडं, डबे इकडं

११ ऑगस्ट

या घरातल्या एकाही बरणीत तिच्यावर लिहिलेला जिन्नस नाही, याची इतिहासानं नोंद घ्यावी. कॉफीच्या बरणीत जिरं. मधाच्या बाटलीत एरंडेल. आज चहात साखर म्हणून जे घातलं तो खायचा सोडा निघाला. आधी चहा फसफसला, मग मी. ही सगळी व्यवस्था एका बाईनं पंचवीस वर्षं फक्त डोक्यात ठेवली, आणि परवा ते डोकं घेऊन ती व्हिएतनामला गेली. इंग्रजी शिकवायला.

संध्याकाळी तिचा फोन.

“अहो, साखर पितळी झाकणाच्या डब्यात.”

“त्यावर ‘रवा’ लिहिलंय.”

“मग साखरच असणार ना त्यात.”

“अन् रवा?”

“रवा संपलाय.”

१४ ऑगस्ट

वसू आता माझ्यापेक्षा दीड तास पुढं. तशी लग्नापासूनच आहे, घड्याळानं आत्ता मान्य केलं.

तिकडची खबर: रस्त्यावर स्कूटरींचा पूर. शाळेतल्या एक बाई हिचा हात धरून रस्ता ओलांडायला निघाल्या, तर ही म्हणाली, मी क्रांती चौकाच्या रहदारीतून आलेय, तुम्ही माझा धरा. दुपारी जेवण झालं की अख्खी शाळा चटया टाकून झोपते, मास्तरांसकट. (आमच्या चिकलठाण्याच्या ऑफिसात हीच प्रथा आहे, फक्त चटया नाहीत.) पोरांनी विचारलं, टीचर, इंग्रजी कुठं शिकलात? ‘पिशोर’ म्हणाली, आमचं गाव. पोरांनी नकाशात शोधलं म्हणे.

आणि टेबलावर तिच्या नावाची पाटी. इथं कॉलेजात वीस वर्षं तासिकेवर शिकवलं. दर वर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत, समोर तेच तीन चेहरे. पाटी सोडा, खुर्चीचा मालक आला की उठायचं.

पाटीचा फोटो पाठवला तिनं. मी अंगठा पाठवला. आणखी काहीतरी पाठवायला पाहिजे होतं.

१९ ऑगस्ट

बेल. समोरच्या दारातल्या शमीमभाभी, हातात स्टीलचा डबा. आत खलिया, मटणाचा रस्सा.

“भाभी गये तो क्या, आप भूके रैते क्या?”

या शेजाराचा सगळा कारभार वसूकडं. माझ्याकडं फक्त सलाम. डबा घेतला, सलाम केला. उभ्यानंच खाल्लं, ओट्यापाशी. ताट घ्यावं असं वाटलं नाही.

२१ ऑगस्ट

डबा घासून, पुसून, आरशासारखा करून परत दिला. भाभींनी झाकण उघडलं, आत बघितलं, “अच्छा” म्हणाल्या. मला वाटलं, घासणी पसंत पडली.

वसूला मोठ्या अभिमानानं सांगितलं. नेट गेलं असं समजून हॅलो हॅलो केलं.

“रिकामा दिलात?”

“स्वच्छ दिला.”

“अहो, शेजारचं भांडं रिकामं परत देतात का कधी? इतक्या वर्षांत मी एकदा तरी दिलं? काही नसलं तर चिमूटभर साखर टाकायची! काय म्हणतील त्या?”

“अच्छा म्हणाल्या.”

“अरे देवा.”

३० ऑगस्ट

भाभी तरीही पाठवतात. हा त्यांचा मोठेपणा आणि माझी पंचाईत. डबे रिकामे देता येत नाहीत, भरता येत नाहीत. ओट्यावर स्टीलचे तीन जमलेत. आजची भाजी आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या डब्यात आली. त्यांचे स्टीलचे संपले असावेत.

पिशोरहून दादाचा फोन. “काय रं, बायको परदेशात मास्तरीण अन् तू भांडे घासतो व्हय?”

म्हटलं, घासतो, लई झ्याक घासतो.

दादा लई हसला. मग म्हणाला, “येणारंय ना पण ती?”

म्हटलं, डिसेंबरात. फोन ठेवला अन् तिन्ही डबे पुन्हा घासले. स्वच्छच होते.

४ सप्टेंबर

पाण्याचा वार. मी साफ विसरलो. जिन्यातून भाभींची आरोळी: “भाईसाब, मोटर लगाओ, पानी जा रा!” लावली.

इस्त्रीवाल्यानं कपडे मोजले. “बस, एवढेच?” हा प्रश्न त्यानं इतक्या सहज विचारला की मी कपडे पुन्हा मोजले. दिवाळी अंकांतून विनोदी लिहून नाव काढलेला माणूस मी.

८ सप्टेंबर

शाळेनं वसूला विचारलंय, डिसेंबरनंतर आणखी दोन वर्षं राहता का. पक्की नेमणूक, पगारी सुट्टी, घर, सगळं. शुक्रवारी शाळा सुटताना सांगायचं.

“तुम्हाला काय वाटतं?”

म्हटलं, “तू नाही आलीस तर या बरण्यांचं काय होणार?”

“मी बरण्यांचं नाही विचारलं.”

मग हवेचं बोललो. तिकडं दमट, इकडं...

११ सप्टेंबर

कालपासून तिचा फोन नाही. आज मीच लावला. म्हटलं, शिरा कसा करतात ते सांग.

“कशाला?”

“भाभींचे डबे.”

तिनं सांगितलं. मी लिहून घेत होतो. मध्येच तोंडातून गेलं, “घर फार मोठं वाटतं गं.”

ती म्हणाली, “करा ना जोक पूर्ण.”

“एवढंच होतं.”

स्कूटरींच्या आवाजातून ती म्हणाली: “रवा आधी नीट भाजून घ्या. घाई करायची नाही.” आवाज वेगळा होता. राहते की येते, काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. राहा म्हणवत नाही. ये म्हणायला जावं तर ती पाटी डोळ्यांसमोर येते.

रवा आणला. ‘रवा’च्या डब्यात साखर, म्हणून तो चहाच्या मोकळ्या डब्यात भरला. आता कुठं काय आहे ते मलाही माहीत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी ऑफिसला जायच्या आधी शिरा. पहिला करपला. दुसरा जमला, थोडा घट्ट. तिन्ही डबे भरले. समोरची बेल वाजवली.

भाभींनी हातात घेतानाच वजन ओळखलं. वरचं झाकण उघडलं आणि चेहरा असा खुलला! माझ्या खांद्यावरून आमच्या दाराकडं बघत म्हणाल्या, “भाभी आ गये क्या?”

“नाही भाभी. मी केलाय.”

“आप?” पुन्हा डब्यात बघितलं. चिमूटभर तोंडात टाकला. “शक्कर ज्यादा हो गई.” मग डबे छातीशी धरून तशाच उभ्या. “कब आ रै फिर उनो?”

म्हटलं, “आज कळेल.”

“हौ,” म्हणाल्या. दार लावलं नाही त्यांनी, मी आमच्या घरात जाईपर्यंत.

आइस्क्रीमचा डबा राहिलाच द्यायचा. कढईत शिरा आहे थोडा. संध्याकाळी देतो.