लंकाबाईंचा खाडा

तीर्थरूप आईस, कोपरगावहून सुकन्याचा नमस्कार.

मी बरी आहे, दोन वेळचं गरम जेवते. तुझी कंबर कशी आहे? शेक घेतेस ना? एक गोष्ट फोनवर विचारायचा धीर होईना, म्हणून लिहितेय.

ऊसतोडीवरच्या डॉक्युमेंटरीचं बजेट करतेय. तळावरच्या लंकाबाई बोलायला तयार होत्या, पण दिवसभर बसल्या तर मुकादम खाडा धरून पैसे कापणार. ते आपण भरून देऊ म्हटलं, तर फिल्मला पैसे देणारी संस्था म्हणते, बोलणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत.

लंकाबाईंनी विचारलं, "कॅमेऱ्याला भाडं हाय का?"

मी हो म्हटलं. त्या कोयता घेऊन फडात गेल्या.

आई, तूही वीस हंगाम ऊस तोडलास. कंबर गेल्यापासून तुझा खाडा कुणी धरत नाही. तू बोलशील का कॅमेऱ्यासमोर?

तुझी,
सुकन्या