कब्जा भेटला!

मंगळवार, संध्याकाळ

शिवणाच्या डब्याला झाकण अजून लागलेलं नाही. सागवानाच्या उरलेल्या फळ्यांचा डबा मी स्वतः केला, रंधा मारला, पॉलिश केलं, आणि झाकण आठ दिवस नुसतं वर ठेवलेलं! आज साकोलीत तीन दुकानं हिंडले. बोटाच्या पेराएवढी पितळी बिजागरी मागितली की दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. तिसरा म्हणाला, "कब्जा म्हना ना, बाई!" आणि लगेच जोडी काढून दिली.

परतताना बसमधून ह्यांना फोन केला. आनंदात ओरडलेच असेन. "अवो, कब्जा भेटला! आजच ठोकून टाकू!" मागच्या सीटवर चुलत दीर, गणपतभाऊजी, बसले होते म्हणे. परसातल्या कुंपणावरून वर्षभर आमच्याशी अबोला. मला काय ठाऊक?

एका हातात चहा, दुसऱ्या मुठीत कब्जा घेऊन परसात गेले, तर भाऊजी घामाघूम होऊन कुंपणाचे खांब उपटून राहिलेले.

"वहिनी, जागेचा कब्जा घ्याले पोलीस कायले बलावता? दोन हात आमीच सरकलो होतो. घेऊन राहिलो ना मांगं!"

मी मूठ उघडली. त्यांनी कब्जा पाहिला, मला पाहिलं.

"हा?"

"हाच. डब्याचा."

बिचारे काय करतील? एकदा तोंडानं कबूल केलेलं. दोन हात मागं सरकवूनच खांब रोवले.

झाकण मात्र तसंच. कब्ज्याचे स्क्रू आणायचे राहिले. उद्या पुन्हा साकोली. पलीकडच्या शेजाऱ्यांनीही कुंपण हातभर आमच्यात घेतलंय. ते कोणत्या बसनं येतात, विचारायला हवं.